प्रसरणशील बागनळी : बाडीतील उपयोग, मर्यादा आणि निगा

छत्तीसगडच्या मैदानी भागात घरालगतच्या भाजीपाल्याच्या तुकड्याला 'बाडी' आणि स्थानिक बोलीत 'बारी' म्हणतात. रायपूर परिसरातील गावांत धानाची शेते गावाबाहेर पसरलेली असतात. बाडी मात्र घराच्या मागच्या दाराशी असते. लाल भाजी, चेच, पोई, वांगी, टोमॅटो, बरबटी, कोचई आणि कुंपणाच्या कडेला मुनगा असा तिचा साधारण थाट असतो. २०१९ मध्ये राज्यात सुरू झालेल्या 'नरवा, गरवा, घुरवा, बारी' या कार्यक्रमाने या छोट्या तुकड्याकडे पुन्हा लक्ष वेधले. गोंदिया, भंडारा, गडचिरोली या शेजारच्या धानपट्ट्यातील परसबागेचे स्वरूपही फारसे वेगळे नाही.

बाडीला पाणी देण्याचे काम बहुतेक घरांत महिलांच्या वाट्याला येते. १०० चौरस मीटरच्या बाडीला ५ मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले, तर ५०० लिटर पाणी लागते. दहा लिटरच्या झारीने हे काम करायचे, तर ५० खेपा होतात. ही ओढाताण टाळण्यासाठी अनेक घरांत रबरी किंवा पीव्हीसी नळी येते. अलीकडे त्या जागी पाणी सोडताच लांब होणारी आणि पाणी बंद केल्यावर आखडून ओंजळीएवढी होणारी कापडी आवरणाची नळी दिसू लागली आहे. हाताळायला हलकी, गुंता न होणारी आणि ठेवायला सोपी असल्याने ती पटकन पसंत पडते. मात्र काही घरांत ती टाकीच्या नळाला जोडल्यावर लांबच होत नाही, तर काही ठिकाणी एका हंगामातच फुटते. दोन्ही वेळा दोष नळीच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात या नळीचे कार्य पाण्याच्या दाबावर अवलंबून असते, आणि तो दाब न मोजताच ती विकत घेतली जाते. नळी कशी चालते हे समजले, तर ती कोठे घ्यावी, कोठे घेऊ नये आणि घेतल्यावर कशी जपावी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

रचना आणि कार्य

या नळीत एकात एक असे दोन थर असतात. आतला थर नैसर्गिक रबराच्या चिकापासून किंवा ताणल्या जाणाऱ्या कृत्रिम बहुवारिकापासून केलेली पातळ नळी असते. बाहेरचा थर पॉलिएस्टरच्या घट्ट विणीचे आवरण असते. हे आवरण लांबीने मोठे असते आणि नळी रिकामी असताना चुण्या पडून गोळा झालेले दिसते. आतली नळी आणि आवरण केवळ दोन्ही टोकांना, जोडणीच्या ठिकाणी, एकमेकांना बांधलेली असतात. मधल्या भागात ती एकमेकांवरून मोकळेपणी सरकतात.

पाणी आत शिरते आणि बाहेर पडण्याच्या तोंडाशी नोझलमुळे अडवले जाते, तेव्हा आतला दाब वाढतो. त्या दाबाने रबरी नळी फुगते आणि लांबते. ती किती फुगावी व लांबावी याची मर्यादा कापडी आवरण ठरवते. साधारणतः रिकाम्या लांबीच्या तिप्पट लांबी मिळते. म्हणजे ५ मीटरची नळी १५ मीटरपर्यंत जाते. दाब उतरला की ताणलेले रबर मूळ स्थितीत येते आणि आतील पाणी स्वतःच बाहेर ढकलते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे दाब सोसण्याचे काम मुख्यतः आवरण करते, रबर नव्हे. आवरण फाटले तर त्या जागी रबर फुग्यासारखे बाहेर येते आणि लगेच फुटते. दुसरी गोष्ट अशी की, तोंडाशी अडथळा नसेल तर नळी लांबत नाही. नोझल काढून उघड्या तोंडाने बादली भरायला घेतली किंवा वाफ्यात पाणी मोकळे सोडले, तर भरलेली नळीही आखडू लागते. हा दोष नसून तिचा स्वभाव आहे.

ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेतील मायकेल बेरार्डी यांना अशा नळीचे पेटंट २०१२ मध्ये मिळाले आणि काही वर्षांतच ती जगभरच्या बाजारात पोहोचली. पुढे या शोधाच्या श्रेयावरून वाद झाला. आपोआप आखडणाऱ्या नळीवर आधीपासून काम केलेल्या गॅरी रॅगनर यांचे नाव सहसंशोधक म्हणून असायला हवे होते, असा निर्णय न्यू जर्सी येथील संघीय न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला. ही नळी घरगुती बागांसाठी आणि सतत दाबाखाली वाहणाऱ्या शहरी नळांसाठी घडवली गेली. आपल्या गावातील पाणीव्यवस्था त्याहून वेगळी आहे. अडचणीचे मूळ नेमके येथे आहे.

दाबाचा हिशेब

पाण्याचा स्तंभ १० मीटर उंच असेल, तर त्याच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब असतो. ठिबक वापरणारे शेतकरी यालाच 'एक किलो प्रेशर' म्हणतात. वेष्टनावर हा दाब 'बार' किंवा 'पीएसआय' या एककांत छापलेला असतो. १ बार म्हणजे जवळपास १ किलो आणि १४ पीएसआय म्हणजेही सुमारे १ किलो, एवढे लक्षात ठेवले तरी व्यवहारात पुरते.

घराच्या छतावरील टाकीचा तळ बाडीतील नळापेक्षा ४ मीटर उंच असेल, तर नळाशी केवळ ०.४ किलो दाब मिळतो. दुमजली घराच्या छतावर, ७ मीटर उंचीवर टाकी असली तरी तो ०.७ किलोच भरतो. प्रसरणशील नळी पूर्ण लांबीला जाण्यासाठी बहुतेक उत्पादक २ ते ३ किलो दाब अपेक्षित धरतात. म्हणून टाकीच्या नळावर ही नळी जेमतेम फुगते, लांबत नाही आणि ओढून ताणली तर हातातून सुटताच परत येते. अशा घरात ही नळी घेण्यात अर्थ नाही. तेथे साधी पीव्हीसी नळी, झारी किंवा कमी दाबावर चालणारा टाकी-ठिबक संच अधिक उपयोगी ठरतो.

दाब जास्त झाला तर नेमकी उलट अडचण येते. बाडीतील नळ पुष्कळदा थेट कूपनलिकेच्या पाणबुडी पंपावर असतो. पंपाच्या क्षमतेतून पाणीपातळीची खोली वजा केली, की जमिनीवर उरणारा दाब कळतो. समजा, निर्गम पूर्ण बंद असताना एखादा पंप ७० मीटर उंचीइतका दाब देतो. मे महिन्यात पाणीपातळी ४५ मीटर खोल गेली असेल, तर जमिनीवर २५ मीटर, म्हणजे २.५ किलो दाब उरतो आणि नळी व्यवस्थित चालते. पावसाळा संपताना पाणीपातळी ८ मीटरवर आली, की त्याच पंपाचा दाब ६२ मीटर, म्हणजे ६.२ किलो होतो. पंप, नळी आणि नळ तेच असतात. उन्हाळ्यात टिकलेली नळी रब्बी भाजीपाल्याच्या सुरुवातीस नोझल बंद करताच फुटते, याचे कारण पुष्कळदा हे असते. शेतकरी मात्र माल हलका होता असे समजतो.

म्हणून खरेदीपूर्वी दाब मोजणे ही पहिली पायरी आहे. नळाच्या तोंडाशी टी-जोड लावून त्यावर साधा दाबमापक बसवावा. पंप चालू ठेवून जोडाचे दुसरे तोंड क्षणभर बंद करावे आणि काटा पाहावा. ही नोंद वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये घ्यावी. मे महिन्यातील आकडा नळीच्या किमान गरजेपेक्षा कमी नसावा आणि ऑक्टोबरमधील आकडा वेष्टनावरील कमाल मर्यादेच्या बराच आत असावा. वेष्टनावर कमाल दाब छापलेला नसेल, तर ती नळी पंपासाठी घेऊ नये. एका गावात विस्तार कार्यकर्त्याकडे एकच दाबमापक असला तरी अनेक घरांचे काम होते.

दाब अधिक असेल तर पंप बदलण्याची गरज नाही. पंपाच्या वाहिनीवर टी-जोड देऊन एक फांदी बॉल व्हॉल्व्हमार्गे टाकीत किंवा हौदात परत सोडावी. ही फांदी थोडी उघडी राहिली की बाडीच्या नळाचा दाब आटोक्यात राहतो. नोझल बंद झाले तरी पंप कोंडला जात नाही आणि वळवलेले पाणी टाकीतच जमा होते. पंप चालू ठेवून निर्गम पूर्ण बंद करणे नळीइतकेच पंपालाही घातक असते, कारण पाणी वाहत नसल्याने पंप तापतो.

निवड करताना

लांबीचा विचार फुगलेल्या लांबीवरून करावा. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा तोच असतो. नळापासून बाडीच्या दूरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर दोरीने मोजावे आणि त्यात वळणांसाठी २ ते ३ मीटर मिळवावेत. गरजेपेक्षा दुप्पट लांबीची नळी घेतली, तर दाब व्यर्थ खर्च होतो आणि टोकाशी धार मंदावते.

आतली नळी एकथरी असण्यापेक्षा बहुथरी असलेली बरी. आवरणाची वीण दाट असावी; बोटांनी ताणल्यावर तिच्या फटींतून आतले रबर दिसू नये. टोकांच्या जोडण्या प्लास्टिकऐवजी पितळी असल्यास आटे लवकर झिजत नाहीत.

आट्यांकडे विशेष लक्ष द्यावे. भारतातील घरगुती नळांचे आटे बहुधा अर्धा किंवा पाऊण इंची ब्रिटिश मापाचे असतात. परदेशी बाजारासाठी तयार झालेल्या काही नळ्यांचे आटे अमेरिकी बागनळीच्या मापाचे असतात. दोन्हींवर 'पाऊण इंच' लिहिलेले असले तरी एका इंचातील आट्यांची संख्या वेगळी असते. असा जोड दोन फेरे बसतो आणि मग अडतो. तो जोर लावून फिरवला तर आटे कापले जातात. त्याऐवजी योग्य मापाचा जोडतुकडा लावावा. या जोडणीत पाणी अडवण्याचे काम आटे करीत नाहीत, आतील रबरी वॉशर करतो. त्यामुळे गळती दिसल्यावर टेप गुंडाळत बसण्याआधी वॉशर जागेवर आहे का, तो कडक झाला आहे का, हे तपासावे.

वापराची रीत

नळी जोडण्यापूर्वी नळ काही क्षण मोकळा सोडून वाळू व गंज वाहून जाऊ द्यावा. त्यानंतर जाळीचा वॉशर बसवून नळी हाताने आवळावी. पान्ह्याचा जोर लावू नये. नोझल बंद ठेवून नळ हळूहळू उघडावा. नळी लांबू लागली की तिला मोकळी जागा द्यावी. या वेळी तिला पीळ पडलेला नाही ना आणि ती दगडात किंवा कुंपणात अडकलेली नाही ना, ते पाहावे. पूर्ण लांबी आल्यावरच नोझल उघडावे. रिकामी नळी हाताने ओढून लांब करण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्यामुळे टोकाशी रबर निसटते.

उन्हाळ्यात एक खबरदारी अगत्याची आहे. रायपूरला मे महिन्यात पारा वारंवार ४२ अंशांच्या वर जातो. उन्हात पडलेल्या नळीतील पाणी हवेपेक्षाही जास्त तापते. ते थेट कोवळ्या रोपांवर पडले, तर पाने व खोडाचा बुंधा भाजतो. म्हणून पहिले पाणी मोकळ्या जागेत सोडावे आणि हाताला गार लागल्यावरच वाफ्याकडे वळावे.

नोझलची निवड जमिनीनुसार करावी. छत्तीसगडचा शेतकरी जमिनीचे कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा असे प्रकार पाडतो. मटासी जमिनीवर जोराची धार पडली, तर माती दबून वर पापुद्रा धरतो आणि लाल भाजीसारखे बारीक बी उगवताना अडते. तेथे झारीसारखा बारीक फवाराच वापरावा. कन्हार ही काळी व भारी जमीन आहे. ती पाणी सावकाश शोषते, म्हणून थोड्या वेळाच्या अंतराने दोनदा पाणी द्यावे. भाटा जमीन मुरमाड असून पाणी धरून ठेवत नाही. तेथे थोडे पण वारंवार पाणी द्यावे. याच मुरमावर नळी फरफटल्याने आवरण सर्वाधिक झिजते, हेही ध्यानात ठेवावे.

पाणी किती दिले याचा अंदाज डोळ्यांनी येत नाही. नोझल नेहमीच्या फवाऱ्यावर ठेवून २० लिटरची बादली किती वेळात भरते, ते एकदा घड्याळावर पाहावे. ती ८० सेकंदांत भरली, तर प्रवाह मिनिटाला १५ लिटर झाला. या वेगाने वर सांगितलेले ५०० लिटर पाणी सुमारे ३३ मिनिटांत देऊन होते. हा आकडा ठाऊक असला की 'माती ओली दिसेपर्यंत' पाणी देण्याऐवजी वाफ्याप्रमाणे मिनिटे ठरवता येतात.

नळी आणि रोगप्रसार

भाजीपाल्याच्या आरोग्याशी या नळीचा दुहेरी संबंध येतो. पहिला संबंध पाणी कसे पडते याच्याशी आहे. सायंकाळी उशिरा पानांवर फवारा मारला, तर पाने रात्रभर ओली राहतात आणि करपा व इतर बुरशीजन्य रोगांना पोषक स्थिती मिळते. जमिनीवर पडलेली जोराची धार मातीतील बीजाणू उडवून खालच्या पानांवर नेते. म्हणून टोमॅटो, वांगी, काकडीवर्गीय पिके यांना सकाळी आणि बुंध्याशी पाणी द्यावे. रोपवाटिकेत अतिपाण्याने रोपे कोलमडतात. तेथे हाती सोयीची नळी आली म्हणून पाण्याच्या पाळ्या वाढवू नयेत.

दुसरा संबंध खुद्द नळीच्या आवरणाशी आहे. गुळगुळीत पीव्हीसी नळीवरची माती हात फिरवताच निघते. विणलेल्या कापडी आवरणात मात्र ती रुतून बसते. टोमॅटो व वांग्यावरील जिवाणूजन्य मर आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी हे दोन्ही मातीसोबत पसरतात. मर लागलेल्या वाफ्यातून ओढलेली चिखलाची नळी निरोगी वाफ्यात नेणे म्हणजे रोग स्वतःच्या हाताने तेथे पोहोचवणे होय. याकरिता निरोगी वाफ्यांना आधी आणि रोगग्रस्त वाफ्याला शेवटी पाणी द्यावे. काम संपल्यावर आवरण स्वच्छ पाण्याने व मऊ ब्रशने धुऊन वाळवावे. पाणी देताना नळी वाफ्यांतून न नेता मधल्या पायवाटेवरूनच न्यावी.

काय सोडू नये

ही नळी केवळ स्वच्छ पाण्यासाठी आहे. जीवामृत, शेणस्लरी, गांडूळपाणी यांतील कण नोझल व जाळी बुजवतात आणि आत राहिलेला अंश कुजतो. नीमतेल व तेलकट द्रावकांतील कीटकनाशकांमुळे नैसर्गिक रबर फुगते व मऊ पडते. मोरचूद किंवा बोर्डो मिश्रण यांतून जाऊ देऊ नये, कारण तांबे रबराच्या ऑक्सिडीकरणाला वेग देते आणि रबर चिकट किंवा ठिसूळ होते. फवारणीसाठी फवारणी पंपच वापरावा.

तितकीच गंभीर बाब म्हणजे उलटा प्रवाह. औषधाच्या पिंपात पाणी भरताना नळीचे तोंड द्रावणात बुडालेले असले आणि त्याच क्षणी वीज गेली, तर कूपनलिकेकडे उतरणारे पाणी द्रावणही ओढून नेऊ शकते. ज्या पाण्यावर घर चालते त्यातच औषध मिसळण्याचा हा धोका आहे. नळीचे तोंड पिंपातील पाण्यापासून वीतभर वर धरावे आणि पंपाच्या वाहिनीवर एकदिशा झडप बसवलेली असावी.

नळीत साचून तापलेले पाणी माणसांना किंवा जनावरांना पाजू नये. अशा कोमट पाण्यात जिवाणू वाढतात. पिण्यायोग्य पाण्यासाठी सुरक्षित असल्याचे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ताजे पाणीही या नळीतून पिण्यासाठी घेऊ नये.

दररोजची आणि हंगामी निगा

काम संपल्यावर प्रथम नळ किंवा पंप बंद करावा आणि त्यानंतर नोझल उघडे ठेवून दाब उतरू द्यावा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे नोझल बंद करून नळ तसाच चालू राहिला, तर नळी तासन्‌तास ताणलेली राहते. आखडताना बाहेर येणारे पाणी वाया न घालवता शेवटच्या वाफ्यात सोडावे. नळी आखडत असताना तिचे टोक हातात धरून ठेवावे. सुटलेल्या टोकाचा पितळी जोड झटक्याने आपटू शकतो. या वेळी लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. उरलेले पाणी काढण्यासाठी नळी एका टोकाकडून उंच धरत दुसऱ्या टोकापर्यंत जावे.

ताणलेल्या स्थितीत उन्हात ठेवणे या नळीला सर्वाधिक घातक असते. ऊन व उष्णता रबराचे वय वाढवतात. हवेतील ओझोन तर विशेषतः ताणलेल्या रबरावर भेगा पाडतो. आखडलेल्या रबराला तोच त्रास फार कमी होतो. म्हणून दाब उतरवणे आणि सावलीत ठेवणे या दोन सवयींनीच नळीचे आयुष्य सर्वांत जास्त वाढते. नळी खिळ्यावर एका बिंदूत टांगू नये. सैल वेटोळे करून टोपलीत किंवा रुंद आधारावर, हवा खेळेल अशा जागी ठेवावी. धान्याच्या कोठीजवळ ठेवल्यास उंदीर आवरण कुरतडतात.

बाभळीचे काटे, तारेचे कुंपण, विटांच्या धारदार कडा आणि मुरूम हे या नळीचे नित्याचे शत्रू आहेत. वाफ्यांच्या कोपऱ्यांवर गुळगुळीत बांबूचे खुंट रोवले, तर नळी त्यांच्यावरून सरकते. पिकेही चिरडत नाहीत आणि आवरणही घासत नाही.

रायपूर परिसराच्या भूस्तरात चुनखडक विपुल आहे. येथील सिमेंट उद्योग त्याच्याच आधारावर उभा राहिला. अशा भूस्तरातून येणारे पाणी कठीण असल्यास नोझलच्या छिद्रांत पांढरा थर साचतो. पंधरा-वीस दिवसांनी नोझल काढून लिंबाच्या रसात किंवा पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवावे आणि मऊ ब्रशने घासून धुवावे. हे आम्ल नळीत ओतू नये.

पावसाळ्यात नळीची गरज उरत नाही. येथील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पहिल्या चांगल्या पावसानंतर नळी धुऊन, पूर्ण निथळून, सावलीत वाळवून ठेवावी. ओलसर ठेवल्यास आवरणावर बुरशी धरते. ऑक्टोबरमध्ये पुन्हा काढताना वॉशर बदलावा, दाबमापकावर नवा दाब पाहावा आणि मगच नळी जोडावी.

बिघाड ओळखणे

• नळी लांबत नाही : दाब कमी आहे, नोझल उघडे आहे किंवा जाळीत कचरा अडकला आहे. याच क्रमाने उलट तपासत यावे. आधी जाळी, मग नोझल आणि शेवटी दाब.

• नळाशी थेंब गळतात : वॉशर झिजला किंवा आटे जुळत नाहीत.

• एखाद्या जागी फुगवटा दिसतो : आवरणाची वीण फाटली आहे. नळ लगेच बंद करावा. चिकटपट्टी लावून अशी नळी वापरू नये.

• आवरण ओले होऊन सर्वत्र पाणी झिरपते : आतली नळी फुटली आहे. आवरणातून पाणी पाझरत असल्याने नेमकी जागा पटकन सापडत नाही.

• फवारा असमान पडतो : नोझलमध्ये क्षार किंवा वाळू आहे.

आतली नळी टोकाजवळ फुटली असेल, तर दुरुस्ती शक्य असते. दाब पूर्ण उतरवून खराब भाग कापावा आणि आवरण त्याच प्रमाणात कमी करावे. कापलेली कडा उसवू नये म्हणून आवरणाचे धागे किंचित शेकून घ्यावेत. हे करताना आतले रबर मागे सारलेले असावे. मग खाचांचा जोड रबरात घालून, आवरण त्यावर ओढून क्लिपने आवळावे. मध्यभागी फुटलेली नळी याच पद्धतीने जोडता येते किंवा तिच्या दोन आखूड नळ्या करता येतात. मात्र रबर जागोजागी चिकट झाले असेल किंवा बारीक भेगा दिसत असतील, तर दुरुस्तीवर खर्च करू नये.

कोठे वापरावी, कोठे टाळावी

पंपावर किंवा पुरेशा दाबाच्या नळावर असलेली बाडी, छोटी रोपवाटिका, गच्चीवरील कुंड्या आणि गोठ्याची धुलाई यांसाठी ही नळी उपयुक्त आहे. वयस्क व्यक्तींना आणि ओझे उचलणे टाळावे लागणाऱ्या महिलांना तिचा हलकेपणा विशेष सोयीचा ठरतो. अर्थात हा हलकेपणा रिकाम्या नळीचा आहे. साडेबारा मिलिमीटर आतील व्यासाच्या ३० मीटर नळीत सुमारे ३.७ लिटर पाणी मावते आणि तेवढे वजन कोणत्याही नळीत येणारच.

शेताला मोकळे पाणी देणे, टाकीतून वक्रनलिकेने पाणी काढणे, ठिबक संचाची कायम वाहिनी करणे किंवा दिवसभर दाबाखाली ठेवणे ही कामे या नळीची नाहीत. बाडी मोठी असेल आणि पिके ओळीत असतील, तर ठिबक हाच पाणी व श्रम वाचवणारा मार्ग आहे. ही नळी झारीची जागा घेते, ठिबकची नव्हे.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील प्रात्यक्षिकात नळी दाखवण्याआधी दाबमापक, बादली आणि घड्याळ या तीन वस्तू दाखवाव्यात. एकाच गावातील एक टाकीवरचा नळ आणि एक पंपावरचा नळ निवडून तीच नळी दोन्हीकडे लावावी. पहिल्या घरी ती निपचित राहते आणि दुसऱ्या घरी लांबत जाते, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले की दाबाचा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्यानंतर कोणत्या घरी नळी घ्यायची, कोणाकडे आधी दाब कमी करायचा आणि कोणी झारी किंवा टाकी-ठिबकवरच राहायचे, हे त्या त्या घरच्या आकड्यांवरून ठरवावे.